ओहोटीचे दोन तास

“निवांत बसून लिहा,” असं संपादकबाई फोनवर म्हणाल्या. लिहिणं मला जमेल. निवांत बसणं आयुष्यात कधी जमलेलं नाही, आणि या लेखात पुढे जे काही लाजिरवाणं येणार आहे ते सगळं त्या न जमण्यातूनच आलेलं आहे. एवढ्या दोन ओळी लिहिताना मी दोनदा उठले. एकदा गॅस बंद आहे का ते बघायला, एकदा खाडी बघायला. गॅस बंद होता. खाडीला ओहोटी लागली होती.

माझी नोकरी खाऱ्या पाण्यातून गोडं पाणी काढण्याची. आगरदांड्याहून खाडीच्या कडेनं आत गेलं की आमचं गाव लागतं. गावाच्या टोकाला निळ्या पत्र्याची शेड आहे. तिच्यात मी अठरा वर्षं होते. नोकरी कशी लागली, बढती कधी मिळाली, हे सांगत नाही. बढती मिळालीच नाही, त्यामुळे तो भाग तसाही छोटा आहे.

माझा बाप उरणकडचा, मिठागरावरचा. त्यानं जन्मभर समुद्राचं पाणी आत घेतलं, पाणी उन्हाला देऊन टाकलं आणि मीठ ठेवून घेतलं. मी रसायनशास्त्र शिकले, लग्न होऊन इकडे भातवाल्यांच्या घरात आले आणि बरोबर उलटा धंदा धरला. पाणी ठेवलं, मीठ टाकून दिलं. बाप एकदा प्लँट बघायला आला होता. मी त्याला पंप दाखवले, काटे दाखवले, इंग्रजी पाट्या वाचून दाखवल्या. तो मात्र शेडच्या मागे गेला, खारं पाणी परत खाडीत सोडणाऱ्या पाइपाखाली बोट धरलं, चाटलं आणि म्हणाला, “येवरं मीठ फुकट सोरतस गो?” नंतर दोन दिवस तो माझ्याशी धड बोलला नाही.

आता यंत्र कसं चालतं ते सांगते. घाबरू नका, सुरळीची वडी येते ना, तेवढं पुरे. समजा, वडी गुंडाळण्याआधी मधोमध एक भोकाभोकांची नळी ठेवली आणि तिच्याभोवती पातळ पडद्याचे थर गुंडाळले. हे झालं मेंब्रेन. एका टोकानं खारं पाणी प्रचंड दाबानं आत ढकलायचं. पडदा पाण्याला वाट देतो, मिठाला देत नाही. गोडं पाणी थराथरांतून गोल फिरत मधल्या नळीत उतरतं. उरलेलं पाणी जास्तच खारट होऊन दुसऱ्या टोकानं बाहेर पडतं. माझ्या वेळचे पडदे हट्टी होते, फार दाब मागायचे. आताचे नवे गुळगुळीत असतात, त्यांच्यात डोळ्यांना न दिसणारे कण पेरलेले असतात म्हणे, आणि कमी दाबात जास्त पाणी सोडतात. पण गाळापुढे जुने आणि नवे सारखेच. खाडीचा बारीक गाळ एकदा दुधावरच्या सायीसारखा पडद्यावर धरला की मग धुवा, औषध घाला, काहीही करा, त्या वडीचं आयुष्य संपत आलं.

म्हणून पाणी मेंब्रेनकडे सोडण्याआधी गाळाची चाचणी करायची. एका गोल कागदातून ठरावीक दाबानं पाणी सोडायचं आणि अर्ध्या लिटरची बाटली भरायला किती वेळ लागला ते घड्याळावर बघायचं. पाणी तसंच वाहू द्यायचं. पंधरा मिनिटांनी पुन्हा तीच बाटली भरायची. कागद जितका गाळानं तुंबला असेल तितकी दुसरी बाटली उशिरा भरते. दोन वेळांवरून एक आकडा काढायचा. तीन-साडेतीन म्हणजे छान. पाचच्या वर गेला की पंप बंद करायचा आणि पनवेलला साहेबांना फोन करायचा.

मुद्दा त्या पंधरा मिनिटांचा आहे. एका पाटावर, एका बाटलीसमोर, हातात घड्याळ घेऊन पंधरा मिनिटं. मला ते झेपायचं नाही. पाचव्या मिनिटाला मी उठून काटे पुसायची, आठव्याला दारात जाऊन येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करायची, आणि परत यायची तेव्हा घड्याळ विसाव्या मिनिटावर असायचं. मग पहिल्यापासून. पहिल्या वर्षातच मी त्यावर उपाय काढला. कागदाचा रंग बघायचा आणि अंदाजानं लिहायचं. अंदाज म्हणजे काय, साडेतीन. चार लिहिलं तर साहेब विचारणार, तीन लिहिलं तर कौतुक करायला येणार. साडेतीनला कोणी काही विचारत नाही. माझं अक्षर सुंदर होतं. त्या सुंदर अक्षरात मी अठरा वर्षं साडेतीन लिहिलं.

त्या काळातल्या मला तुम्ही बघायला हवं होतं. साडीवर पांढरा कोट, खिशात तीन पेनं, आणि कोणी पाणी प्यायला मागितलं तर आधी पाचेक मिनिटं मेंब्रेन समजावून सांगायचं. कोळीवाड्यातली एक म्हातारी पहिल्याच आठवड्यात कळशी घेऊन भांडायला आली होती. जन्मभर मचूळ विहिरीचं पाणी प्यायलेली ती. म्हणाली, या पाण्याला चवच न्हाय, कालवण लागत न्हाय, डाळ बघता बघता शिजून जाते, हे पाणी हाय का औषध? मी तिला क्षारांचं प्रमाण सांगितलं. तिनं ते सगळं ऐकून घेतलं आणि जाताना विहिरीवरून कळशी भरून नेली.

किहीमच्या एका बंगलेवाल्याचीही मी अशीच शिकवणी घेतली होती. त्यानं पाहुण्यांच्या खोल्यांसाठी छोटं यंत्र बसवलं होतं आणि यंत्र बिघडलंय म्हणून मला बोलावलं होतं. यंत्र ठणठणीत होतं. मेलं होतं ते त्याचं लॉन. पाणी वाया घालवायचं नाही म्हणून तो यंत्रातून बाहेर पडणारं खारट पाणी रोज गवताला घालत होता. शेजारचे नारळ मात्र मजेत होते. मी त्याला तासभर सांगितलं, की आपण काय टाकतो त्याच्याकडेही बघावं लागतं. हे मी सांगत होते. माझ्या पिशवीत त्या दिवसाची साडेतीनं आधीच लिहून तयार होती.

आता ओहोटीकडे येते. मघापासून टाळतेय ते लक्षात आलं असेलच.

अमावास्या-पौर्णिमेला आमच्याकडे दुपारी बाराच्या सुमारास भरपूर भरती येते आणि मग पाणी असं जोरात उतरतं की खाडी तळापासून ढवळून निघते. चार ते सहा या वेळात खाडीचं पाणी चहासारखं असतं. पण पंप सकाळी सहा ते संध्याकाळी सहा चालूच ठेवायचा, असा नियम. माझ्या बापाला असल्या नियमाचं हसू आलं असतं. मिठागरात पाणी घेतात ते चढतं. उतरतं पाणी कोणी घेत नाही, कारण ते चिखल आणतं. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. म्हणून मी उधाणाच्या दिवसांत त्या दोन तासांत गुपचूप पंप बंद ठेवायला लागले, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आले.

खरं असं की, मोठी ओहोटी म्हणजे तिसऱ्यांची, चिखलातले शिंपले वेचायची वेळ. पाणी पार आत जातं, एरवी न दिसणारी जमीन उघडी पडते, आणि गावच्या सगळ्या बायका टोपल्या घेऊन चिखलात उतरतात. शेडच्या खिडकीतून मला त्या दिसायच्या. त्यांचं हसणं ऐकू यायचं. पहिल्यांदा मी पंप बंद केला तो मेंब्रेनसाठी नव्हे. पंप चालू ठेवून शेड सोडायची भीती वाटली, म्हणून बंद केला, कोट खुंटीला अडकवला आणि खाली उतरले. सहा वाजता पाय धुऊन वर आले, वहीत “पंप चालू, साडेतीन” लिहिलं, आणि घरी तिसऱ्यांची एकशिपी, म्हणजे शिंपलीसकट कालवण, केली. टेकडीवरची टाकी आधीच भरलेली होती, त्यामुळे गावात एकही नळ कोरडा पडला नाही. पंपाचे तास मोजणारा काटा खाऱ्या हवेनं कधीचाच गंजून बसला होता.

पुढे दर उधाणाला तेच. अमावास्येला तीन दिवस, पौर्णिमेला तीन दिवस. तिसऱ्या खाऊन खाऊन घरचे कंटाळले. आणि काही वर्षांनी लक्षात आलं, की इतर ठिकाणी चार-पाच वर्षांत बदलावी लागणारी मेंब्रेनं आमच्याकडे आठ वर्षं झाली तरी टुकटुकीत आहेत. साहेब येऊन बघून गेले. विजेचा वापरही कमी होता. होणारच, पंप दोन तास खुंटीवरच्या कोटासारखा स्वस्थ असायचा. पण ते कोणी विचारलं नाही. “बाईंच्या हाताला यश आहे,” असं साहेब म्हणाले, आणि मी तेव्हा मान खाली घालून हसले. ते हसणं मला आजही आठवतं आणि स्वतःला एक चापट द्यावीशी वाटते.

निवृत्त झाले तेव्हा शाल, श्रीफळ आणि माझ्या वह्यांचं कौतुक झालं. माझ्या जागी जनार्दन आला. आमच्याच आळीतला, चाळिशीचा, कमी बोलणारा, पाटावर पंधरा मिनिटं काय, पंधरा तास बसेल असा माणूस. तो रुजू झाल्यावरच्या पहिल्या अमावास्येनंतर माझ्या ओटीवर आला. चहा घेतला. मग म्हणाला, “काकी, उधाणाला पाणी लय गढूळ येतंय. आकडा सहा दावतोय. तू काय करायचीस?”

संपादकबाई, इथे मी उठून परत खाडी बघून आले.

मला एवढंच म्हणायचं होतं, की बाबा, पंप बंद करत जा. पण मग तो विचारणार होता की वहीत तर चालू लिहिलंय. शाल अजून कपाटात घडी न मोडलेली होती. मी त्याला सांगितलं, “काही नाही रे. लक्ष ठेवायचं.”

त्यानं लक्ष ठेवलं. सहा आला की वहीत सहा लिहिलं आणि साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, बाईंच्या अठरा वर्षांत एकदाही सहा आला नाही, तुला चाचणी येत नाही, पंप चालू ठेव. त्यानं पुन्हा चाचणी केली, पुन्हा सहा लिहिलं, आणि पंप चालू ठेवला. दोन वर्षांत मेंब्रेनं चोंदली. ऐन एप्रिलात गावाला टँकर लागले. जनार्दनला काढलं. निष्काळजीपणा, असं कारण दिलं. मी त्याच्या बायकोला धीर द्यायला गेले होते, नारळाच्या वड्या घेऊन. तिनं डबा परत करताना त्यात तांदूळ घालून दिले. जनार्दन पुढे न्हावा शेव्याला कंटेनरच्या गाडीवर लागला. आठवड्यातून एकदा घरी यायचा, वाटेत दिसला की “बरी हाईस ना, काकी?” म्हणून विचारायचा. मी बरी असायची.

यावर्षी मुग्धा आली. पुण्याची, पंचविशीची, पाठीवर लॅपटॉपची पिशवी. प्लँटला नवी मेंब्रेनं बसणार होती आणि तो आता एका प्रोग्रामच्या सल्ल्यानं चालणार होता. साहेबांनी तिला मुद्दाम माझ्याकडे पाठवलं होतं. मी तिला आंबोळ्या केल्या आणि प्रोग्राम म्हणजे काय ते विचारलं. तिनं सांगितलं ते मला फार आवडलं. प्लँट कसा चालवायचा याचे यंत्र शंभर-दोनशे बेत मनानंच रचतं. कोणत्या वेळी किती दाब, कधी थांबायचं, कधी धुवायचं. प्रत्येक बेताला गुण मिळतात. नापास झालेले बेत पुसून टाकायचे. चांगल्या बेतांची जोडी लावायची. होणाऱ्या पोराला अर्धे गुण आईचे, अर्धे बापाचे, आणि मध्येच एखादी खोडी कुणाचीच नाही. त्या पोरांना पुन्हा गुण. अशा पिढ्यांवर पिढ्या. निसर्ग जसा करतो तसंच, पण झटपट.

मी म्हटलं, हे तर आमच्या सासूबाई करायच्या. कापणीआधी शेतात फिरून भरल्या लोंब्या निवडून काढायच्या, बियाण्याला. त्यांना एका पिढीला एक वर्ष लागायचं. तुझं यंत्र चहा होईपर्यंत उरकतं. मुग्धा खूश झाली. मग मी सहज विचारलं, की लोंबी भरली की नाही ते सासूबाई हातानं बघायच्या; तुझ्याकडे गुण कोण देतं?

“तुम्हीच, आजी,” ती म्हणाली. “तुमच्या वह्या. अठरा वर्षांच्या. तुमचा प्लँट कोणत्या वेळी कसा चालला, हे त्यातून प्रोग्राम शिकलाय. प्रत्येक बेताला तोच गुण देतो.”

माझ्या हातातली आंबोळी तव्यावर दुमडली गेली.

तिनं पडद्यावर चित्र दाखवलं. पिढ्यांमागून पिढ्या सगळे बेत एकाच वेळेकडे सरकत गेले होते. अमावास्या-पौर्णिमा, दुपारी चार ते सहा. त्या वेळात पंप पूर्ण जोरानं चालवायचा, असं यंत्राचं ठाम म्हणणं होतं. का, तर माझ्या वह्यांप्रमाणे त्या दिवसांत तेवढंच पाणी निघायचं आणि वीज मात्र कमी लागायची. मुग्धानं त्याला कारणही शोधलं होतं. ओहोटीला खाडीचा खारेपणा कमी होतो, म्हणून दाब कमी लागत असणार. इतकं पटण्यासारखं कारण, की क्षणभर मलाही पटलं.

“आणि जनार्दनची दोन वर्षं?” मी विचारलं.

“ती काढून टाकली. त्या ऑपरेटरचे आकडे तुमच्याशी जुळतच नव्हते. त्याला चाचणी येत नव्हती बहुतेक.”

नवा प्लँट येत्या अमावास्येला सुरू होणार होता. सहा दिवस होते.

त्या दुपारी तिला मी काही बोलले नाही. ती गेल्यावर घरातले सगळे डबे खाली काढले, पुसले, परत लावले. मग पुन्हा काढले. सूनबाई म्हणाली, आई, दिवाळी लांब आहे. जेट्टीपर्यंत चालत गेले, दिघीला जाणारी फेरी सुटताना बघितली, परत आले. पंचांग काढून उरलेले दिवस मोजले. मघाशी मोजले होते तेवढेच होते. माझ्या वेळी एका पंपाला मी फसवलं होतं. आता ते साडेतीन हजारो पोरांना जन्म देऊन बसलं होतं, आणि त्या पोरांनी मिळून गावाचं पाणी बंद पाडायचं ठरवलं होतं. पुन्हा कोणीतरी निष्काळजी ठरलं असतं. मी नव्हे.

जनार्दन रविवारी घरी होता. पडवीत जाळं दुरुस्त करत बसला होता. मी बसले नाही. उभ्यानं, येरझाऱ्या घालत, सगळं सांगितलं. तिसऱ्यांसकट. त्यानं मान वर केली नाही. सुई जाळ्यातून जात राहिली. आतून त्याच्या बायकोची भांडी वाजायची थांबली.

मग तो म्हणाला, “मी इचारलं व्हतं तुला.”

“हो.”

“चा घेतला व्हता तुझ्याकडं.”

“हो रे.”

त्यानं पुढची गाठ मारली. मी निघाले तेव्हा त्याच्या बायकोनं दार लावून घेतलं. बरं केलं. मला त्याहून कमी चाललं नसतं.

सोमवारी मुग्धाला सांगितलं. तिचा चेहरा बघून मला माझ्या वयाची लाज वाटली. पण पोरगी हुशार. रडारड न करता तिनं साहेबांना फोन लावला आणि माझ्या हातात दिला. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग मायेनं म्हणाले, बाई, तुमचं वय झालंय, या वयात माणसाच्या आठवणी इकडच्या तिकडे होतात, तुमच्या वह्या आम्हाला ठाऊक आहेत. अठरा वर्षं खोटं लिहिलं ते यांनी डोळे मिटून खरं मानलं, आणि एकदा खरं बोलले तर मला म्हातारचळ लागला. मी त्यांना तसंच सांगितलं. ते हसले. मुग्धानं फोन घेतला आणि एवढंच म्हणाली, की अमावास्येला चार वाजता चाचणी घेते, आकडा येईपर्यंत नवीन मेंब्रेनकडे पाणी सोडत नाही.

तोवर तिच्यासमोर बसून मी अठरा वर्षांच्या वह्यांवर लाल पेन चालवलं. पंचांगावरून उधाणाचे दिवस काढायचे, त्या दिवसाच्या पानावर लिहायचं, “चार ते सहा पंप बंद. चाचणी केली नाही.” खाली सही. अक्षर पहिल्यासारखं राहिलं नाही. काही पानांना अजून चिखलाचं बोट होतं. मुग्धानं माझे ते दिवस प्रोग्राममधून काढले, जनार्दनची टाकून दिलेली दोन वर्षं परत घातली, आणि यंत्राला पुन्हा पहिल्या पिढीपासून सोडलं. तेवढा वेळ मी उकिरड्याची गोष्ट सांगितली. एका वर्षी सासूबाईंनी खळ्याच्या बाजूच्या भरगच्च लोंब्या बियाण्याला निवडल्या. पुढच्या वर्षी भात साधारणच आलं. लोंबी भरली होती ती शेजारच्या उकिरड्याच्या खतानं, बियाण्याच्या गुणानं नव्हे. मुग्धा म्हणाली, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात, आजी, फक्त त्यात उकिरडा नसतो.

यंत्र थांबलं. नवा बेत आला. उधाणाच्या दिवशी ओहोटी जोरात असताना पंप बंद ठेवा. मी खुर्चीत ताठ झाले. झाकली मूठ का होईना, अठरा वर्षं मी तेच तर करत होते. मुग्धानं पुढचं वाचलं. साडेतीन ते पावणेपाच बंद. नंतर पाणी निवळत जातं, चालू करायला हरकत नाही.

“आजी, तुम्ही चार ते सहा का ठेवत होतात मग?”

मी पंचांग मिटून ठेवलं. यंत्रानं माझ्या दोन तासांतलं मेंब्रेनचं किती आणि तिसऱ्यांचं किती, ते काटेकोर वेगळं काढून दाखवलं होतं. सुरुवातीची गढूळ वेळ मी पंप चालू ठेवून दवडत होते, आणि शेवटचा सव्वा तास निव्वळ एकशिपीचा होता. मेंब्रेनं आठ वर्षं टिकली ती तरीही.

अमावास्येला पावणेचारला शेडमध्ये गेले तर जनार्दन आधीच पाटावर बसलेला. मुग्धानं त्याला कळवलं होतं. तो रजा टाकून आला होता. माझ्यासाठी नव्हे, त्याला तो आकडा बघायचा होता. दारात साहेब उभे होते, पनवेलहून आलेले, रुमालानं मान पुसत. गाळाचा गोल कागद जनार्दननं बोटं न लावता चिमट्यानं बसवला. किती वर्षांनी, तरी हात विसरला नव्हता. मी तर तो चिमटा कधी वापरलाच नव्हता.

पहिली बाटली अर्ध्या मिनिटात भरली. त्यानं वेळ लिहिली, पाणी वाहतं ठेवलं आणि घड्याळ मांडीवर ठेवून स्वस्थ बसला. शेडमध्ये दुसरा पाट होता. तो त्यानं पायानं माझ्याकडे सरकवला.

मी बसले.

तिसऱ्या मिनिटाला गुडघा दुखला. पाचव्याला वाटलं, काटे पुसावेत. खिडकीखाली पाणी आत आत जात होतं, बायकांच्या टोपल्या दिसायला लागल्या, कोणीतरी मोठ्यानं हसलं. सातव्या मिनिटाला साहेब फोनवर बोलायला बाहेर गेले. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, गुंडाळलं. माझा बाप मिठागराच्या बांधावर असा तासन्‌तास बसायचा आणि मी त्याच्याभोवती धावत असायची. अकराव्या मिनिटाला घाम आला. जनार्दननं एकदाही माझ्याकडे बघितलं नाही, पण मी जरा हलले की त्याचा हात घड्याळावर जायचा, जणू मी ते घेऊन पळेन.

पंधरा झाली. त्यानं बाटली नळीखाली धरली. धार नव्हतीच. थेंब, थेंब, मग दोन थेंब. कागद काळपट तपकिरी झाला होता. साहेब आत येऊन वाकून बघायला लागले. एक मिनिट गेलं. दोन. बाटलीचा तळसुद्धा नीट झाकला नव्हता. पुढचं सगळं मला दिसत होतं, हिशोब डोक्यात झालाही होता. माझा हात आपोआप वहीकडे गेला.

“सहा आहे,” मी म्हटलं. “लिही, जनार्दन. सहाच येणार.”

त्यानं वही उचलून स्वतःच्या पलीकडच्या बाजूला ठेवली.

“भरू दे, काकी,” तो म्हणाला. “बस अजून.”